सिनियर म्हणतो 'अ‍ॅडव्हान्स्ड कर', केलं तर म्हणतो 'वाचता येत नाही'

ताई नमस्कार, मी कोपरखैरण्याला राहते, नोकरीला दोन वर्षं झाली, ऑफिस ऐरोलीला. आमची टीम हाउसिंग सोसायट्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतेय आणि त्याची क्लास डायग्राम, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींशी कशा जोडल्यात त्याचा नकाशा, माझ्या गळ्यात पडलीये. पहिला ड्राफ्ट साधा काढला होता, चौकोन आणि रेघा. सिनियरने परत पाठवला, 'फारच बेसिक आहे, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स वापर' एवढंच लिहून. मग मी पुस्तक उघडून जे जे सापडलं ते सगळं घातलं, प्लस-मायनस, काळे पांढरे हिरे, महिरपी कंस, तुटक रेघा, असोसिएशन क्लास, टेम्प्लेट. आता तो म्हणतो हे वाचताच येत नाही. कुठलं फीचर कधी वापरायचं हेच मला कळत नाहीये. की हे क्षेत्रच आपलं नाही? दोन्ही ड्राफ्टचे फोटो जोडलेत.
– गोंधळलेली, कोपरखैरणे

अगं गोंधळलेली,

शेवटचा प्रश्न आधी घेते. क्षेत्र सोडायचं वगैरे डोक्यातून काढून टाक. दोन्ही फोटो बघितले, ट्रान्स हार्बरला ठाण्यापासूनच खिडकी मिळाली होती त्यामुळे निवांत बघता आले, आणि खरं सांगू का, तुझा पहिला ड्राफ्ट जास्त बरा होता. दुसऱ्यात चुका कमी आहेत पण ती रांगोळी झालीये, संस्कारभारतीची, म्हणजे एकेक गोष्ट सुंदर आणि मधून चालायला जागा नाही. आणि तुझा सिनियर 'अ‍ॅडव्हान्स्ड वापर' म्हणून मोकळा झाला हे काही मला पटलेलं नाही, म्हणजे भाजीत 'मसाला कमी आहे' सांगायचं आणि कुठला ते सांगायचं नाही, तसं झालं हे. पण त्याचं काय करायचं ते नंतर.

एक गोष्ट आधी समजून घे. ही डायग्राम ज्या चिन्हांच्या भाषेत काढतात ती यूएमएल ही काही एका माणसाने एका बैठकीत बसून विचारपूर्वक बनवलेली भाषा नाहीये. बूच, रम्बॉ आणि जेकबसन या तिघांच्या तीन वेगळ्या पद्धती होत्या, त्या एकत्र केल्या, बाकीच्यांनीही आपापलं आणून टाकलं, आणि 1997 मध्ये ओएमजी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने ते स्टँडर्ड म्हणून स्वीकारलं. तीन संसार एका घरात आले की कढया पाच आणि झारे सात होतात ना, तसं झालंय ते. 2.5.1 ही आवृत्ती डिसेंबर 2017 ची, सातशेच्या वर पानं आहेत. ती सगळी एका डायग्राममध्ये वापरायची असतात असं कुणीही कधीही म्हटलेलं नाही. त्यातलं प्रत्येक चिन्ह हे कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर आहे. तुझ्या कागदावर उत्तरं भरपूर आहेत पण प्रश्न तू कुणाला विचारलेलेच दिसत नाहीत, म्हणून ती उत्तरं काही ठिकाणी चुकलीत आणि काही ठिकाणी उगाच आहेत. आता तुझ्याच सोसायटीवरून बघू.

तू 'बिल' या क्लासमध्ये (क्लास म्हणजे एका प्रकारच्या गोष्टींचा साचा, चित्रातला चौकोन) 'व्याजदर' लिहून त्याखाली रेघ ओढलीयेस. रेघ म्हणजे स्टॅटिक, म्हणजे ही किंमत एकेका बिलाची नाही, सगळ्या बिलांची मिळून एकच. वाचायला बरोबर वाटतं, कारण तुझ्या सोसायटीत थकबाकीवर सगळ्यांना एकच व्याज लागतं. नेमकी हीच चूक मी केली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी, तेव्हाच्या एका कंपनीत, आणि पहिल्या सोसायटीत ती चूक आहे हे कळलंच नाही कारण सगळं व्यवस्थित चालत होतं. दुसरी सोसायटी आली, त्यांच्या जनरल बॉडीने वेगळा दर ठरवलेला, कुणीतरी स्क्रीनवर तो बदलला, आणि पहिल्या सोसायटीची त्या महिन्याची सगळी बिलं नव्या दराने छापून वाटली गेली. पुढचा आठवडा मी फोन उचलायचं बंद केलं होतं.

आता इथे प्रश्न काय होता? 'हा आकडा कोणाचा?' 2014 च्या आदर्श उपविधीत थकबाकीवरच्या व्याजाला वर्षाला 21 टक्के सरळव्याज ही मर्यादा दिलीये, आणि त्याच्या आत किती घ्यायचं ते सोसायटीच्या सभेने ठरवायचं. म्हणजे दर हा बिलाचा नाही, सगळ्या बिलांचाही नाही, तो सोसायटीचा आहे. 'सोसायटी' क्लासमधलं साधं अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे त्या चौकोनातली माहितीची एक ओळ, खाली रेघबीघ काही नको. आणि ती 21 ची मर्यादा, किंवा फ्लॅट भाड्याने दिला की जो नॉन ऑक्युपन्सी चार्ज लागतो त्याची सर्व्हिस चार्जच्या 10 टक्क्यांची मर्यादा, ही मात्र सगळ्या सोसायट्यांना सारखी, तिथे स्टॅटिक शोभेल. तरी मी शोभेल असंच म्हणतेय, कारण ती 10 टक्क्यांची मर्यादासुद्धा 2001 च्या सरकारी आदेशाने आली, त्याच्या आधी नव्हती, म्हणजे उद्या बदलू शकते, आणि बदलली तर जुन्या बिलांना जुनीच लागणार. मी असते तर 'नियम' नावाचा वेगळा क्लास केला असता, कधीपासून कधीपर्यंत लागू ते त्यात. स्टॅटिकची एक सोपी परीक्षा सांगते, आपलं सॉफ्टवेअर उद्या दुसऱ्या गिऱ्हाईकाला विकलं तर हा आकडा तोच राहील का? क्षणभर जरी थांबावं लागलं तर रेघ पुसून टाक.

असोसिएशन क्लास तू दोन ठिकाणी लावलायस आणि मला तुझ्या डायग्राममध्ये सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्यावर. सभासद आणि फ्लॅट यांच्या रेघेला तुटक रेघेने 'मालकी' लटकवलीयेस, त्यात हिस्सा किती टक्के आणि शेअर सर्टिफिकेटचा नंबर. हे छान आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर एक फ्लॅट, त्यातल्याच एकाच्या नावावर खालचा अजून एक, अशा वेळी 'हिस्सा' ना माणसाचा ना फ्लॅटचा, तो त्या जोडीचा, आणि जोडीची माहिती ठेवायलाच तर असोसिएशन क्लास असतो. पण हेच तू 'भाडेकरू' आणि 'फ्लॅट' मध्येही केलंयस, 'भाडेकरार' नावाने, आणि तिथे ते फसणार आहे.

असोसिएशन क्लासचा नियम असा की त्याच दोन ऑब्जेक्टांमध्ये (ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून निघालेली एक ठराविक वस्तू, इथे एक भाडेकरू आणि एक फ्लॅट) एकच दुवा, म्हणजे जोडीमागे एकच माहिती. आता आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स कसं होतं, 11 महिन्यांचं. संपलं की तोच भाडेकरू, तोच फ्लॅट, भाडं थोडं वाढवून परत 11 महिने. जोडी तीच आणि करार दोन. तुझ्या डायग्रामप्रमाणे दुसरा करार करायला पहिला पुसावा लागेल, आणि मग कुणी विचारलं की दोन वर्षांपूर्वी या फ्लॅटला नॉन ऑक्युपन्सी का लावला होता तर दाखवायला कागद नाही. रेघेच्या टोकांना महिरपी कंसात नॉनयुनिक, म्हणजे तीच जोडी पुन्हा चालेल, असं लिहून यातून सुटता येतं, पण ते कुणाच्या नजरेला पडत नाही, त्यापेक्षा 'भाडेकरार' हा सरळ पूर्ण क्लास कर, एका बाजूला फ्लॅट, दुसऱ्या बाजूला भाडेकरू, आणि दोन्हीकडून करार शून्य ते अनेक. इथे साधं चित्र जास्त खरं आहे, लक्षात आलं का? आणि 'मालकी'बद्दलही एकदा सेक्रेटरींना विचारून घे. वडिलांनी मुलाच्या नावावर केला आणि पाच वर्षांनी परत स्वतःच्या नावावर घेतला असं तुमच्या सोसायट्यांमध्ये होत असेल, आणि जुनी नोंदही ठेवायची असेल, तर तिथेही हेच करावं लागेल. चित्र काढायच्या आधी हे माहीत नसतं, विचारलं की कळतं.

क्वालिफायर तू वापरलेलाच नाहीस, आणि गंमत म्हणजे नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. स्टेशनवरून रिक्षात बसून नुसतं 'सेक्टर 9' म्हणून बघ. कुठला 9? ऐरोलीला आहे, कोपरखैरण्याला आहे, वाशीलाही आहे. सिडकोने प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, सेक्टर पुन्हा एकपासून मोजले, त्यामुळे सेक्टरचा नंबर ही ओळख नाही, 'नोडमधला सेक्टर नंबर' ही ओळख. क्वालिफायर म्हणजे एवढंच. फ्लॅट 302 ए विंगलाही आहे आणि बी विंगलाही, म्हणून 'सोसायटी'च्या चौकोनाला चिकटून एक छोटा चौकोन काढायचा, त्यात विंग आणि फ्लॅट नंबर लिहायचं, आणि तिथून फ्लॅटकडे रेघ न्यायची. मग फ्लॅटच्या टोकाला जो 1..* (एक ते अनेक) होता तो 0..1 (शून्य किंवा एक) होतो. का, तर आता आपण 'सोसायटीत फ्लॅट किती' विचारत नाही, 'ही किल्ली लावली तर किती सापडतील' असं विचारतो, आणि उत्तर एक किंवा काहीच नाही. हे तुझ्या डायग्राममध्ये नक्की घाल, कारण नाहीतर तुझा डेटाबेसवाला नुसत्या फ्लॅट नंबरवर युनिक लावून ठेवेल आणि पहिली दोन विंगांची सोसायटी आली की बोंब होईल.

आता तुझा सेक्रेटरी. 'सेक्रेटरी' हा 'सभासद'चा सबक्लास, म्हणजे त्याचाच एक खास प्रकार, केलायस, त्याच्या शेजारी 'चेअरमन', 'खजिनदार', आणि खाली 'भाडेकरू' हा 'व्यक्ती'चा सबक्लास. वाक्य म्हणून बरोबर आहे, सेक्रेटरी हा सभासदच असतो. पण कमिटीची मुदत पाच वर्षं, ती संपली की काका सेक्रेटरी राहत नाहीत, माणूस तोच राहतो. बहुतेक भाषांतल्या प्रोग्राममध्ये ऑब्जेक्ट जन्माला येताना ज्या क्लासचा असतो त्याच क्लासचा मरेपर्यंत असतो, मग काय काकांना डिलीट करून नवीन काका बनवणार? आणि ए विंगला स्वतःचा फ्लॅट असून तो भाड्याने देऊन बी विंगला भाड्याने राहणारे लोक आहेत गं, मी स्वतः एक वर्ष असं राहिलेय, मुलीला लिफ्टवाली विंग हवी म्हणून. तो माणूस सभासदही आणि भाडेकरूही. तर पद हे वेगळं, 'पदभार' असा क्लास, कुठलं पद, कधीपासून, कधीपर्यंत, आणि त्याची रेघ सभासदाकडे.

मग इनहेरिटन्स, म्हणजे हे सबक्लासचं प्रकरण, वापरायचाच नाही का? वापर की, तुझ्याकडे त्याच्यासाठी सोन्यासारखी जागा आहे आणि तिथे तू नुसतं 'रक्कम' असं एक अ‍ॅट्रिब्यूट ठेवून मोकळी झालीयेस. मेंटेनन्सच्या बिलातल्या ओळी बघ एकदा. सर्व्हिस चार्ज सगळ्या फ्लॅटना समान वाटतात, मोठा असो की छोटा. पाण्याचे पैसे नळजोडण्या किती आणि केवढ्या त्यावर. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला कमीत कमी 0.25 टक्के, दुरुस्ती फंड 0.75. सगळ्यांना प्रश्न एकच, 'या फ्लॅटचे किती?', आणि उत्तर काढायची रीत प्रत्येकाची वेगळी. यालाच अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास म्हणतात. वर 'आकारणी', तिच्यात 'रक्कमकाढ' हे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ऑपरेशन, म्हणजे नाव आहे पण रीत लिहिलेली नाही असं काम, खाली चार-पाच सबक्लास आपापल्या रीतीने ते भरतात, आणि 'बिल'ला फक्त 'आकारणी' माहीत, खाली कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उद्या सोसायटीने ईव्ही चार्जिंगचे पैसे चालू केले तर एक सबक्लास वाढेल, बिलाला हात लावावा लागणार नाही. सिनियरला जे 'अ‍ॅडव्हान्स्ड' हवं होतं ते मला वाटतं हेच असणार, बिचाऱ्याला सांगता आलं नाही. एक प्रॅक्टिकल सूचना, अ‍ॅब्स्ट्रॅक्टचं नाव तिरप्या अक्षरात लिहायचं असतं, पण व्हाइटबोर्डवर माझं सगळंच अक्षर तिरपं असतं, आणि तुझंही फोटोत तसंच दिसतंय, त्यामुळे हाताने काढताना नावाखाली महिरपी कंसात अ‍ॅब्स्ट्रॅक्ट असं लिही सरळ.

हिरे. काळा हिरा तू 'बिल्डिंग' आणि 'फ्लॅट' मध्ये लावलायस, ठीकच आहे, भाग एका वेळी एकाच पूर्णाचा आणि पूर्ण गेलं की त्याच्याबरोबर भागही गेले. पण तुझ्या चित्रात सभासदाला सोसायटीपर्यंत जायचा रस्ता फक्त फ्लॅटमधून आहे. ठाण्यात आमच्या नौपाड्यात ये एकदा, तीन गल्ल्या फिर, रिडेव्हलपमेंटचे पत्रे मोज. बिल्डिंग पाडली, फ्लॅट गेले, माणसं दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात, पण सभासदत्व शाबूत, सोसायटी शाबूत, सभा होतायत, भांडणं तर दुप्पट होतायत. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र फ्लॅट गेल्याबरोबर सभासद लोंबकळत राहिले. म्हणून सभासद ते सोसायटी अशी सरळ वेगळी रेघ हवीच. पांढरे हिरे मात्र सगळे काढून टाक, सहाच्या सहा. पांढऱ्या हिऱ्याचा नक्की अर्थ काय हे स्टँडर्डनेच ज्याच्या त्याच्यावर सोडलंय, मग ज्या चिन्हाचा अर्थ तू, मी आणि तुझा सिनियर तीन वेगळे लावणार ते चिन्ह काढायचं तरी कशाला, साधी रेघ आणि दोन टोकांना आकडे लिही, ते जास्त सांगतात.

प्लस, मायनस, हॅश, टिल्ड, म्हणजे कुठली गोष्ट बाहेरच्या कोडला दिसते त्याच्या खुणा, याबद्दल फार नाही सांगत, तुला येतात. एवढंच की चिन्ह नसलं म्हणजे पब्लिक असा अर्थ होत नाही, फक्त दाखवलेलं नाही असा होतो, त्यामुळे सेक्रेटरींना दाखवायच्या कागदावर ती नसली तरी चालतात, डेव्हलपरच्या कागदावर असू देत. आणि हॅशच्या बाबतीत जपून, यूएमएलमध्ये प्रोटेक्टेड म्हणजे फक्त वारसांना, म्हणजे सबक्लासना, जावा भाषेत मात्र त्याच पॅकेजमधल्या शेजाऱ्यांनाही दिसतं.

'थकबाकी' च्या आधी तिरपी रेघ दिलीस, म्हणजे डिराइव्ह्ड, बिलं वजा पावत्या. शाब्बास, पण शेजारी महिरपी कंसात ते कसं काढायचं तेही लिही, नुसती तिरपी रेघ काहीच सांगत नाही. आणि 31 मार्चची शिल्लक त्यात धरू नकोस. ऑडिट झालं की तो आकडा गोठला, मागची एखादी पावती दुरुस्त केली म्हणून तो आपोआप बदलला तर ऑडिटर तुला आणि मला दोघींना शोधत येईल. ते वेगळं अ‍ॅट्रिब्यूट, रीडओन्ली, म्हणजे एकदा भरलं की न बदलणारं.

टेम्प्लेट क्लास, म्हणजे आत कुठला प्रकार भरायचा ते मोकळं ठेवलेला साचा, पुसून टाक, 'यादी' क्लासला तुटक रेघांची चौकट लावून कुणाचंही भलं झालेलं नाही, ते काम भाषेची लायब्ररी करते. अ‍ॅक्टिव्ह क्लासच्या (स्वतःहून चालणाऱ्या क्लासच्या) दुहेरी उभ्या रेघाही.

सिनियरचं आता. त्याच्याकडे 'कुठलं फीचर वापरू' असं विचारत जाऊ नकोस, त्याला तेच तर सांगता येत नाहीये. डायग्राम घेऊन बस आणि असं विचार, 'सर, तोच भाडेकरू दुसऱ्यांदा करार करतो तेव्हा जुना ठेवायचा ना?' तो हो म्हणेल, तू त्याच्यासमोर रेघ बदल. 'दर सोसायटीगणिक वेगळा असतो ना?' परत हो. अशा पाच-सहा प्रश्नांत अर्धा तास जाईल आणि बेसिक-अ‍ॅडव्हान्स्ड हे शब्द तो विसरून जाईल. आणि मीटिंगच्या आधी शनिवारी तुमच्या स्वतःच्या सोसायटीच्या ऑफिसात जाऊन ये, संध्याकाळी सात ते नऊ उघडं असेल बहुतेक, एक जुनं बिल, एक शेअर सर्टिफिकेटची कॉपी आणि भाडेकरूंचं रजिस्टर बघायला माग, चहा मिळाला तर नाही म्हणू नकोस, कारण खरी माहिती चहानंतरच येते.

दोन कागद कर, एक माणसांचा आणि मालकीचा, एक बिलांचा. तिसरा ड्राफ्ट झाला की मला पाठव, पण फोटो यावेळी उजेडात काढ, मागच्यात तुटक रेघ कुठली आणि पंख्याची सावली कुठली हे मला घणसोली गेलं तरी कळलं नव्हतं.